समुद्रावरच्या गावाची वेस

अण्णा, तुमच्या चित्रातल्या गावाला वेस आहे. मी बघून आले.

तुम्ही विचारलं होतंत तेव्हा मी पाचवीत होते आणि मला माहीत नव्हतं. पुढे शिकले, शेकडो पुस्तकं वाचली, हजारो माणसांसमोर उभी राहून बोलले, पण तुमचा तो प्रश्न माझ्याकडे तसाच पडून राहिला. आता उत्तर मिळालं आहे आणि ते ऐकायला तुम्ही नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. बोलून सांगायला गेले असते तर मी भाषणच ठोकलं असतं आणि तुम्ही नेहमीसारखे उठून ताट धुवायला गेला असतात.

तुम्हाला आठवत असेल, मिलमध्ये रंग पुरवणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर साहेबांच्या खोलीत लागायचं. वर्ष संपल्यावर ते टोपलीत गेलं आणि दरवाजावरची ड्यूटी संपवून तुम्ही ते काखोटीला मारून सायकलवरून घरी आणलंत. आईनं त्यातलं एकच पान निवडलं आणि स्टोव्हच्या वर, जिथं भिंतीचे पोपडे पडायचे, तिथं खळ लावून चिकटवलं. समुद्र. समुद्रातून थेट वर उठलेली उंच, अरुंद घरं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. गुलाबी, पिवळी, विटकरी. मागे डोंगर, डोंगरावर किल्ला. आणि डाव्या टोकाला, जिथं जमीन संपते तिथं, उघड्या खडकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक चर्च. खाली गावाचं नाव होतं, पण ते मला वाचता यायच्या आत ओलीनं खाल्लं. काजळी चढायला लागली की आई ओल्या फडक्यानं ते चित्र पुसायची आणि म्हणायची, "भाकरी करपली तर करपली, पर तुमचं गाव न्हाई करपू देत मी."

तुम्ही पाटावर बसून, हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून, त्या चित्राकडे बघता. मला आत्ताही दिसता. "आगं, ह्या गावाला वेस कुटं आसंल?" मी म्हणते, "अण्णा, पुढं तर समुद्रच आहे की." "समुद्र पुढं आसू दे. मागनं तर मानूस येतंय का न्हाई? गाव म्हटलं की वेस आली. आन् वेशीवर त्यांच्यात कोन बसतं?" आई उलथणं आपटत म्हणते, "बसत आसंल तुमच्यावानी कोन तर, पाट आडवून. उठा आता, भोंगा व्हईल." आम्ही दोघी हसतो. तुम्ही हसत नाही. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असतं.

दुसऱ्या कुणी हे विचारलं नसतं. सोलापुरातले लोक रविवारी भुईकोट किल्ल्यात जायचे ते बागेत बसायला, शेंगा खायला. तुम्ही मला न्यायचात आणि बागेपर्यंत पोचायच्या आधी दरवाजातच थांबायचात. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी कोनाड्यासारख्या देवड्या असतात, तिथं जाऊन हातानं दगड चाचपायचात, आत बसून बघायचात. मला लाज वाटायची. लोक वळून वळून बघायचे. तुम्ही म्हणायचात, "हितला पहारेकरी आतच बसत व्हता बग. डोक्यावर छत हाय." एवढंच. मग आपण बागेत जायचो.

माझे आजोबा, तुमचे वडील, वैरागजवळच्या आपल्या गावचे वेसकर. हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहून काढलं की मला ते पुन्हा नीट दिसतं. दोन दगडी बुरूज, मधे कमान, कमानीला सागवानी दारं. गाव आत, आपली वस्ती बाहेर. दिवेलागणीला आजोबा दार बाहेरून ओढून घ्यायचे आणि आतून पाटलाचा गडी अडसर घालायचा. मग रात्रभर आजोबा काठी घेऊन वेशीला पाठ टेकून बसायचे. गावाची राखण करणारा माणूस गावाबाहेर. चोर आला, लांडगा आला, तर त्याला आधी आजोबा भेटायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आणखी कुणी. डाव्या बुरुजाच्या तळाशी, बसलेल्या माणसाची पाठ येते तेवढ्या उंचीवर, दगड गुळगुळीत झाला आहे, किंचित आत गेला आहे. इतक्या पाठी तिथं टेकल्या. धम्मदीक्षा घेतल्यावर वस्तीनं काठी टाकली आणि आजोबांनी घराला एक नेम घालून दिला: ज्या वेशीबाहेर आपल्याला बसवलं, त्या वेशीतनं आपल्या घरातलं कुणी जायचं नाही. गिरणीवर जायचं, दुकानात जायचं, तर ओढ्याच्या अंगानं, बाभळीतून, तटाच्या पडक्या भागातून आत शिरायचं. तुमचं बोट धरून मी त्याच वाटेनं गेले. पायात काटे मोडायचे. वेस वीस पावलांवर उघडी असायची, दारं तर केव्हाच गेली होती, गुरंढोरंसुद्धा तिच्यातून जायची. आपण नाही.

पुढे मी बोलायला लागले. पहिलं भाषण तुमच्याच दरवाजावर, मिलच्या गेट मीटिंगला, लाकडी खोक्यावर उभी राहून. तुम्ही ड्यूटीवर होतात, त्यामुळं तुम्हाला माझ्याकडे बघता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मग मला गावानं जयंतीला बोलावलं. वेशीसमोर मांडव. मी वेशीकडे हात करून म्हणाले, ही वेस नव्हे, आपल्या बापजाद्यांच्या छातीवर ठेवलेली ही धोंड आहे, पाडा ती! टाळ्या थांबेनात. तुम्ही शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होतात. तुमचे हात टोपीवरच होते. घरी आल्यावर, जेवून झाल्यावर, त्या चित्राखाली बसून म्हणालात, "लई चांगलं बोललीस." आणि थोड्या वेळानं, "पाडली वेस. बरं. मग माझा बा कुटं बसत व्हता, त्ये तुझ्या लेकराला कुटं दावशील?"

मी म्हणाले, दाखवायचं कशाला? लाज आहे ती आपली. तुम्ही मान वर केलीत. माझ्यावर तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "लाज कुनाची? बसनाऱ्याची का बसवनाऱ्याची?" मी त्यावर बरंच काही बोलले. फ्रान्सपासून सुरुवात केली, तुरुंग फोडणाऱ्या जमावापर्यंत आले, जुलमाच्या खुणा पुसल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही असं बोलत राहिले. तुम्ही ताट उचलून मोरीवर गेलात. नळाच्या आवाजात माझं अर्धं बोलणं वाहून गेलं. त्यानंतर दीड-दोन वर्षांत मिल बंद पडली आणि तुम्हीही गेलात. मी मात्र बोलत राहिले. जिथं संधी मिळेल तिथं, वेस पाडा. मी चुकले होते असं आज म्हणायला बसलेली नाही. ज्या दगडांनी माणसाला रात्रभर बाहेर ठेवलं त्यांच्याबद्दल मला माया नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की मी आवाज मोठा करते हे तुम्हाला माहीत होतं.

दोन महिन्यांपूर्वी गावातून फोन आला. सरपंच आता आपल्याच वस्तीतली मुलगी आहे, तुमच्या चुलतभावाची नात. "आत्या, तुमचं बोलनं खरं झालं! वेस चाललीय. रस्ता रुंद करायचाय, डंपर अडकतोय कमानीत. ग्रामसभेत ठराव घेतो, आन् पयली कुदळ तुमच्या हातानं. भाषन बी तुमचंच." मी विचारलं, त्या जागी काय होणार? "सिमेंटची कमान की. लई मोठी. देणगीदारांची नावं टाकायची वर." मी हो म्हणाले. आयुष्यभर मागितलेलं मिळत होतं, नाही कशी म्हणणार? फोन ठेवला आणि चहा करायला उठले, तर गॅसच्या वरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले. तिथं आता टाइल्स आहेत.

लेकीकडे जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ती इटलीत जिनोआला नोकरी करते. बंदराचं शहर आहे. तिथं पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला तुमच्या चित्राबद्दल सांगितलं. ती फोनवर एकेक गाव काढून दाखवायला लागली. हे? नाही, घरं जास्त उंच होती. हे? नाही गं, टोकाला पट्ट्यापट्ट्याचं देऊळ होतं, खडकावर. "आई, अख्खी इटली पट्ट्यापट्ट्याची आहे." आणि मग तिनं आणखी एक फोटो काढला आणि मी तिच्या हातातून फोन घेतला. पोर्तोव्हेनेरे. हे नाव ओलीनं खाल्लं होतं. लेक म्हणाली, "अगं, हे तर इथून गाडीनं दोन-अडीच तासांवर आहे." इतक्या जवळ. तुम्ही रोज भाकरी खाताना बघायचात ते गाव माझ्या लेकीच्या घरापासून सोलापूर-पुण्याइतकंही लांब नव्हतं.

डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत बस जाते. शेवटच्या वळणावर सगळं एकदम समोर येतं. अण्णा, मी तोंडावर हात ठेवला. ते चित्र श्वास घेत होतं. घरांवरचा गुलाबी रंग उन्हानं जागोजागी विटला होता, खिडक्यांतून चादरी वाळत होत्या, खाली होड्या एकमेकींना धक्के देत होत्या. चित्रात वारा नव्हता, इथं होता. चित्रात समुद्राला आवाज नव्हता. मी काहीच बोलेना म्हणून लेक म्हणाली, "आई, तू गप्प? डॉक्टरला दाखवू का?"

बस थांबते तिथं छोटा चौक आहे. चौकाच्या टोकाला वेस. हो, मागच्या बाजूला, तुम्ही म्हणाला होतात तशीच, माणूस येतो त्या बाजूला. दगडी कमान, शेजारी चौकोनी उंच बुरूज, वर लॅटिन अक्षरं कोरलेली. लोक आइस्क्रीम खात खात आत-बाहेर करत होते. लेक पुढे निघाली, मला काहीतरी सांगत. कमानीपाशी पोचून तिनं मागं बघितलं तर मी नव्हते. मी पाण्याच्या कडेला पोचले होते. तटाला उजवीकडे ठेवून, तटाच्या पायथ्यानं, पडकी जागा शोधत चालले होते. "आई! अगं कुठं निघालीस? रस्ता इकडून आहे!" मी ओरडून म्हणाले, "इकडून वाट असेल बघ." आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय करत होते. सात समुद्र ओलांडून आले होते, माझ्याकडे पासपोर्ट होता, पायात चांगले बूट होते, आणि माझे पाय ओढ्याकडे वळले होते.

वाट होतीही. त्या उंच घरांच्या मधून अंधाऱ्या, अरुंद दगडी पायऱ्या थेट धक्क्यावरून वर गावात चढतात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं इतक्या अरुंद. आम्ही तिथून चढलो. लेक मागून पुटपुटत होती, "सगळं जग वेशीतून जातंय आणि आमच्या मातोश्री जिन्यातून." तिला मी नेम सांगितला नव्हता. कधीच नाही. आपल्या घरातला नेम माझ्याबरोबर संपावा असं मला वाटायचं. त्या दिवशी पायऱ्यांवर थांबून सांगितला. वर येईपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला.

आता तुम्हाला गाव दाखवते. आतून एकच गल्ली आहे, लांबट, थंड, वेशीपासून निघून चर्चपर्यंत जाणारी. त्या गल्लीच्या एका अंगाला जी घरं आहेत, तीच समुद्राच्या बाजूनं चित्रात दिसतात. घरं म्हणजेच तट! आपण समजायचो घरांच्या मागे कुठं तरी भिंत असेल. नाही. नऊशे वर्षांपूर्वी जिनोआनं हे गाव घेतलं. पलीकडच्या किनाऱ्यावर वैरी होता, पिसा शहराचा. तेव्हा समुद्राच्या तोंडावर त्यांनी घरांचीच भिंत उभी केली, मनोऱ्यासारखी, एकाला एक चिकटून. ज्या बाईच्या घरी आम्ही खोली घेतली होती तिनं मला खिडकीच्या कोनाड्यात बसवलं. भिंत इतकी रुंद की तिच्या जाडीत मी मांडी घालून बसू शकले. ती म्हणाली, म्हणजे लेकीनं सांगितलं की ती म्हणतेय, आम्ही गावाच्या भिंतीमागे राहत नाही, भिंतीतच राहतो. खाली पाण्याची बोटभर निळी पट्टी. मी त्या कोनाड्यात बसून राहिले. बाईनं तळलेल्या छोट्या माशांची ताटली आणून दिली. मला तुमच्या भुईकोटातल्या देवडीची आठवण आली आणि मी हातानं दगड चाचपला.

मधे एक जुनं चर्च आहे, तिथं एक गोष्ट सांगतात. फार पूर्वी समुद्रातून देवदाराचा एक ओंडका वाहत आला आणि त्यात मेरीमातेचं चित्र निघालं. दरवर्षी उन्हाळ्यात रात्री तिची मिरवणूक निघते, खडकावर दिवेच दिवे लावतात. मी देवळा-चर्चांतली माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी त्या ओंडक्यासमोर मी लगेच मागं वळले नाही. डोंगरावर किल्ला आहे, चित्रात आपल्याला नखाएवढा दिसायचा. प्रत्यक्षात त्याच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे बोलायला लागले. वरून कळतं की ह्या लोकांना किती भीती होती. एकेक खिडकी समुद्राकडे तोंड करून आहे. हे गाव लुटलंही गेलं, त्यानं तोफाही झेलल्या, पुन्हा उभं राहिलं. आणि शेवटी ते पट्ट्यापट्ट्यांचं. जमीन संपते तिथं. म्हणतात की त्याच्या आधी त्याच जागी प्रेमाच्या देवतेचं देऊळ होतं, त्यावरून गावाला नाव पडलं. आत जवळजवळ काहीच नाही. काळा-पांढरा दगड, अंधार, आणि भिंतीपलीकडे लाटांचा धडधडाट. बाहेर एका पडक्या भिंतीत कमानी उरल्या आहेत, एकेका कमानीत नुसता समुद्र. अण्णा, मी माझ्या आयुष्यात खूप मोठमोठे शब्द वापरले आहेत. तिथं एकही कामाला आला नाही. मी खडकावर बसले आणि म्हणाले, बघा. मराठीत, मोठ्यानं. शेजारच्या जर्मन जोडप्यानं खरंच बघितलं.

संध्याकाळी आतल्या बाजूनं मी वेशीपाशी गेले. कमानीजवळ दगडात कोरलेली जुनी मापं आहेत. धान्याचं, तेलाचं. आपल्या पायली-अधोलीसारखी, पण दगडात, उघड्यावर, कुणालाही दिसतील अशी. म्हणजे व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघांनी इथं येऊन बघावं. आपल्या गावात माप घरात असायचं, मालकाच्या हातात, आणि आजीच्या पदरात जे पडेल ते पडायचं. मी त्या दगडी पोकळीत मूठ घातली. आत पावसाचं थोडं पाणी होतं.

मग मी लेकीला म्हटलं, त्या खोलीवाल्या बाईला विचार. वेशीवर कोण बसायचं? "आई, असं कसं विचारू? तिला वाटेल तुझं डोकं फिरलंय." विचार. लेकीनं विचारलं. बाईला प्रश्न विचित्र वाटला नाही. ती म्हणाली, दार राखणारा असायचा, वेशीशेजारच्या बुरुजात राहायचा, आत. मी म्हटलं, आणि बाहेर? बाहेर कोण? बाई हसली. तिची आजी सांगायची म्हणे, दार एकदा लागलं की लागलं, मासे घेऊन उशिरा आलेला कोळी होडीतच झोपायचा; "बिशप उशिरा आला तर बिशपही होडीत." मी विचारलं, म्हणजे बाहेर कुणी राहायचं हे ठरलेलं नव्हतं? लेकीनं दोनदा समजावून सांगितलं तरी बाईला कळेना. मग लेक माझ्याकडे वळली. तिचा आवाज बदलला होता. "आई, ती विचारतेय, ठरलेलं कसं असेल? जो उशिरा येईल तो."

जो उशिरा येईल तो. अण्णा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आजोबा उशिरा आले नव्हते. ते सगळ्यांच्या आधी यायचे. मी त्या गावाला डोक्यावर घेत नाही. जिनोआच्या जहाजांनी माणसं विकली आहेत, मी वाचलं आहे, आणि वेशीवरच्या त्या लॅटिन अक्षरांत गाव कुणाच्या मालकीचं तेवढंच लिहिलं आहे, दार राखणाऱ्याचं नाव तिथंही नाही. पण वेस उभी होती, म्हणून मला विचारता आलं. परक्या देशातल्या म्हातारीला मी वेशीकडे बोट करून विचारू शकले आणि तिच्या आजीपर्यंत पोचू शकले. देणगीदारांच्या सिमेंटच्या कमानीकडे बोट करून कोण काय विचारेल? डंपर जातील आणि पन्नास वर्षांनी कुणी तरी व्यासपीठावरून म्हणेल की आमच्या गावात असं काही नव्हतंच. मी अशा माणसांशी वाद घातले आहेत. माझ्या हातात तेव्हा फक्त पुस्तकं होती. तो गुळगुळीत दगड मी स्वतःच पाडा म्हणत होते.

तिथूनच सरपंच मुलीला फोन केला. वेस राहू दे म्हणाले. ती आधी हसली, मग घाबरली. "आत्या, जलमभर पाडा म्हनलात की! लोक काय म्हनतील मला?" म्हणू देत. रस्ता ओढ्याच्या अंगानं ने, बाभळीतून. तिथून आपण पिढीभर चाललो, डंपरला काय होतंय? आणि वेशीवर एक दगड बसव. साधा. इथे वेसकर बसत. दार लागल्यावर ते बाहेर असत. बाकी काही नको, माझंही नाव नको, आजोबांचंही नको. "आन् सभेनं न्हाई ऐकलं तर?" तर मी डाव्या बुरुजाला पाठ लावून बसते. जेसीबीवाल्याला सांग, आधी आत्याला उचल. तिला हसू आलं. मग म्हणाली, "आत्या, तुमी वजनानं बऱ्याच हाय." म्हणजे निम्मी माझ्या बाजूला आली. बाकीचं गाव येईल की नाही, सांगता येत नाही. वस्तीतलेच काही जण चिडले आहेत. तरुण पोरं म्हणतात, म्हातारपणी बाई बदलली. त्यांचा राग मला कळतो. तो माझाच आहे, मीच त्यांना दिला आहे.

ग्रामसभा रविवारी आहे, चावडीत. चावडी वेशीच्या आत. कोणत्या वाटेनं जाऊ हे मी कुणाला विचारणार? तुम्ही वेस पाडूही देत नव्हतात आणि तिच्यातून जातही नव्हतात. मी ह्याला भित्रेपणा समजत होते. आता वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायला जे लागतं ते माझ्या आवाजात कधी नव्हतं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा हा प्रश्नच नाही. घडी घालून गॅसच्या वर, टाइल्सच्या आणि कपाटाच्या फटीत सारून ठेवीन. वाफ लागेल, काजळी नाही.

आणि एक. निघायच्या दिवशी मी त्या वेशीतून बाहेर पडले. बाहेर पडणं जमलं. चौकात आल्यावर लेक म्हणाली, आई, आता एकदा बाहेरून आत जाऊन ये की, मी फोटो काढते. मी कमानीपर्यंत गेले, दगडाला हात लावला आणि परत आले. तिला म्हटलं, बस चुकेल. बसला पुष्कळ वेळ होता.